लाल मध

थोरलीने पेटीचं झाकण काढलं, पहिली चौकट वर खेचली आणि क्षणभर तिला बरंच वाटलं.

फुलोऱ्याचा कुठे पत्ता नव्हता. पावसाने पाठ फिरवली तेव्हाच तिने ताडलं होतं की या वर्षी सूर्यफूल उभं राहायचं नाही, आणि तसंच झालं. शेतं उघडीबोडकी पडली होती, बांधावरची झुडपं वाळून काड्या झाली होती. असल्या दिवसांत मधमाश्यांची पेटी उचलली तर रिकाम्या डब्यासारखी हाताला लागते. ही मात्र जड होती. चौकट ओढताना थोरलीच्या मनगटात कळ आली. साठी कधीच उलटली होती, तरी पेटीत हात घालायचा तो तिनेच. मुलाने बाजूला उभं राहून पेटीवर धूर सोडायला धुराडं धरायचं. माश्या माणूस ओळखतात, असं ती सांगायची. खरं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातचं काम तिला पसंतच पडत नसे.

"भरलंय की, आई," मुलगा म्हणाला.

थोरलीने चौकट उन्हासमोर धरली. मेण पांढरंस्वच्छ, घरं काठोकाठ भरलेली, पण आतला मध लाल होता. तांबूस नव्हे, काळपट नव्हे. खोकल्याच्या औषधासारखा लालभडक. तिने करंगळी बुडवून जिभेला लावली. गोड होतं. नुसतं गोड. फुलाचा वास नाही, मागून येणारी कडसर चव नाही, घशाला धरणारी तेजी नाही. ती थुंकली. पुन्हा थुंकली. तरी दातांवर काहीतरी चिकटून राहिलंच.

"कशाचा आहे गं हा?"

"मला काय विचारतोस? मी गोळा केलाय का? पीठ आण."

माशी कुठे चरायला जाते ते शोधायची या घराची एक रीत होती. पेटीच्या तोंडाशी बसायचं, निघालेल्या माशीवर चिमूटभर पीठ उडवायचं आणि ती पांढरी माशी परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. थोरली श्वासांवर मोजायची. घड्याळावर तिचा विश्वास नव्हता, आणि ते वाचायचा कंटाळाही होता. माशी लवकर आली तर खाणं जवळ, उशीर झाला तर लांब. दिशा डोळ्यांनी धरायची.

शंभर श्वास व्हायच्या आत पांढरी माशी परत आली. पोट टम्म फुगलेलं. उतरताना फळीवर धपकन पडली आणि रांगत आत गेली. गेलेली शाळेच्या बाजूला, आलेली शाळेच्या बाजूने.

"तिकडे फूल कुठलं?" मुलगा म्हणाला.

"तेच बघायला निघाले," म्हणत थोरलीने पदर खोचला.

शाळेची मधली सुट्टी झाली होती. फाटकाला लागून दुकान होतं आणि दुकानामागे एक चर. कधीकाळी पाणी वाहून जायला खणलेला. आता त्यात बाटल्या पडत होत्या, ढिगाने. प्रत्येकीच्या बुडाशी बोटभर लाल, नारिंगी, पिवळं असं काहीबाही उरलेलं आणि त्यात बुडून मेलेल्या माश्या, भिजवलेल्या तांदळासारख्या फुगलेल्या. गावात प्यायला पाणी नव्हतं, पण या चरात चिखल होता. थोरलीने पाय ठेवला तर चप्पल सुटेना. ती ओढताना असा आवाज झाला, की तिला शिसारी आली. पलीकडे एक कुत्रं बाटलीच्या तोंडात जीभ घालून बसलं होतं. गटारावरच्या हिरव्या माश्या, गांधीलमाश्या, मुंगळे, सगळी पंगत बसली होती. आणि त्या पंगतीत तिच्या माश्या होत्या. एकीच्या पाठीवर अजून पीठ होतं.

चाळीस वर्षं ज्यांच्या पेट्या डोक्यावर वाहून तिने रानोरान फुलांपाशी नेल्या होत्या, त्या तिच्या माश्या उकिरड्यात तोंड घालून बसल्या होत्या, आणि मजेत होत्या.

"आजी," मागून हाक आली.

चराच्या कडेला मोरीच्या कठड्यावर तिची नात बसली होती. आठ वर्षांची. पोर तान्ही असताना तिच्या दंडाला वळ्या पडल्या, तेव्हा थोरलीनेच कौतुकाने तिचं नाव ढबी ठेवलं होतं आणि आल्यागेल्याला तिच्या मांड्या उघड्या करून दाखवल्या होत्या. मधवाल्यांची पोर आहे, असं म्हणायची. आता बाकीची मुलं मैदानात शिवाशिवी खेळत होती आणि ढबी बसून होती. ओठ लाल, हनुवटी लाल, झग्यावर लाल ओघळ. हातात बाटली. तळाशी उरलेलं तिने जमिनीवर ओतलं, तशा दहा-बारा माश्या तिथे उतरल्या.

"बघ, मी रोज आपल्या माश्यांना पाजते," ढबी म्हणाली.

"कितवी ही बाटली?"

"दुसरी."

"कोण देतं?"

"दुकानदारकाका. तू मधाची डबी देतेस ना शाळेत, ती मी त्याला देते. तो मोठी बाटली देतो."

थोरलीच्या तोंडात अजून तो चिकटा होता. ती पोरीचा दंड धरून दुकानासमोर गेली. दुकानदार पंख्याखाली बसला होता. त्याच्या मागच्या फळीवर तिच्याच हातची मधाची डबी होती. एक नाही, सात-आठ.

"लाज वाटली नाही का रे, पोरीकडून मध घेताना?"

"मी मागितला नाही, मावशी. ती स्वतः आणते. अदलाबदल. सगळा खुशीचा मामला," तो म्हणाला. "आणि तुमच्या माश्यांचं काय ते बघा आधी. माझ्या गिऱ्हाइकांना डसतात."

"तू काय विकतोस ते एकदा वास घेऊन बघ."

"गोड विकतो. तुम्ही काय तिखट विकता?"

बाकावर बसलेले दोघेतिघे हसले. थोरली आयुष्यात कुणाच्या तोंडाला हरली नव्हती. त्या दिवशी मात्र हे हसू ती घरापर्यंत पाठीवर घेऊन गेली.

घरी येऊन तिने सुनेला फैलावर घेतलं. सून कोंबड्यांना दाणे टाकत होती. ऐकून घेतलं तिने. हातातलं सूप रिकामं झाल्यावर बोलली.

"डबी तुम्ही देता, आई."

"मध देते. दूध देते तसा मध देते. हे गटार मी देते?"

"सकाळी उठल्यावर मधाचं पाणी. शाळेत डबी. आल्यावर मधाचं पाणी. जेवताना पुन्हा. साधं पाणी ती तोंडाला लावत नाही. सवय कुणी लावली?"

"मधाला नावं ठेवतेस? या घरात मधावर जगतात माणसं."

"मी कुठे ठेवते नावं," सून म्हणाली आणि आत गेली. तिचं हे असंच. भांडायच्या ऐन वेळी आत जायची, आणि बोललेलं मागे राहायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. मुलांची तपासणी आहे, घरच्या मोठ्या माणसाने यावं. थोरलीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. मोठं माणूस म्हणजे तीच.

नर्सबाई वयाने कोवळी होती. तिने ढबीला काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला, उंची मोजली, तीही लिहिली. मग झगा थोडा वर केला. मांड्या घासून घासून आतून सोलल्या होत्या, ओल्या, लालबुंद. उन्हात घरापर्यंत चालत येताना पोर पाय फाकून का चालते, ते थोरलीने कधी पाहिलंच नव्हतं. मग नर्सबाईने दात पाहिले. पुढचे दोन मुळापाशी किडून तपकिरी झाले होते. शेवटी तिने वेणी वर उचलली.

मानेवर काळा पट्टा होता, मखमलीसारखा जाड. त्यावर ओरखडे, काही ताजे.

"हे कशाने?"

"मळ आहे. निघत नाही," थोरली म्हणाली. "तिची आई रोज घासते. आधी काथ्याने घासायची. मीच म्हटलं, दगड घे. आमच्या घरातली पोर मळकी फिरलेली मला चालत नाही."

ढबीने मान आत ओढून घेतली, कासवासारखी.

"हा मळ नाही, आजी," नर्सबाई म्हणाली. "कितीही घासलंत तरी जाणार नाही. शरीराला साखर झेपेनाशी झाली की मान अशी काळी पडते. ही खूण आहे. काय पिते ही दिवसभर?"

"दुकानातलं पीत होती. काल धरलं मी. आता बंद," थोरलीने मान ताठ केली. "घरात आम्ही मध पाजतो. अस्सल. स्वतःच्या हाताने काढलेला."

"किती?"

"पेल्यात चार चमचे. मोठे."

"दिवसातून?"

"मागेल तितक्या वेळा. खाण्यापिण्याला कमी नाही आमच्यात."

नर्सबाईने लिहायचं थांबवलं. "आजी, मध चांगलाच आहे. पण पेले भरभरून प्यायली तर या पोटाला बाटली काय आणि तुमचा मध काय, सारखंच. तहान लागली की पाणी. दुसरं काही नाही. घरात कुणाला साखरेचा आजार होता?"

थोरलीने पोरीची वेणी पुन्हा मानेवर सोडली. नवऱ्याच्या पायाची बोटं आधी काळी झाली होती, वाळलेल्या शेंगांसारखी. मग एक गेलं, मग दोन, मग अर्धं पाऊल. दोन वर्षं तिने ती जखम धुतली. पट्टी सोडली की येणारा वास ती तोंडाने श्वास घेऊन चुकवायची, आणि त्याला कळू नये म्हणून वर गप्पा मारायची. त्यालाही ती मधच पाजत होती. ताकद येईल म्हणून.

"काल शिकून आलेली पोर मला मध शिकवते," असं घरी परतताना ती मोठ्याने म्हणाली. ढबी मागे पडली होती. फाकल्या पायांनी, धापा टाकत, दर वीस पावलांवर उभी राहत होती.

त्या संध्याकाळीही तिने पेला भरला. हट्टानेच भरला. ढबीने तो एका दमात रिकामा केला, तळाशी उरलेलं बोटाने पुसून चाटलं आणि पेला पुढे केला. "अजून." थोरलीने दिला. पण या वेळी ती बघत होती. गळ्याची घाटी वरखाली होत होती. पोर चव घेत नव्हती. नुसती ओतत होती आत.

सकाळी तिने मुलाला घेऊन सगळ्या पेट्या उघडल्या. निम्म्या पेट्यांत लाल. लाल चौकटी बाजूला काढायच्या, माश्यांना जीव धरता येईल इतका साखरेचा पाक पाजायचा आणि दोन दिवसांत सगळ्या पेट्या पार पलीकडच्या खोऱ्यात हलवायच्या, इतक्या लांब की पुन्हा दुकान सापडायला नको. हे सगळं तिने उभ्याउभ्या ठरवलं.

सगळ्यात जड पेटी तिने शेवटी घेतली. एक चौकट काढली, दुसरी काढली, तिसरी. मधोमध जिथे पिल्लं असतात तिथेही लाल. राणी सापडली. ती एका घरात डोकं घालत होती, बाहेर काढत होती, पुढच्या घरात घालत होती. सगळी घरं भरलेली. अंडं घालायला जागा नव्हती. कोपऱ्यात मूठभर पिल्लं होती, तीही अशक्त.

"इतकं खायला असून पेटी खंगली कशी?" मुलाने विचारलं.

"इतकं असून नाही. इतकं आहे म्हणून."

"म्हणजे?"

"वाढायला जागा नाही ठेवलीन् मेल्या साखरेने," थोरली म्हणाली आणि चौकट तिच्या हातून जरा जोरातच खाली ठेवली गेली.

ती पालथ्या टोपलीवर बसली. तिला राग येत होता तो कुणाचा हे ठरेना. तिच्या माश्यांनी त्या घाणीचं अगदी मधासारखं केलं होतं. तसंच मेणाने झाकलं होतं, तसंच नेटकं, घर घर मोजून. त्यांना फरक कळला नव्हता. मग आठ वर्षांच्या पोटाला कुठून कळणार होता? पेटी उचलून दुसऱ्या खोऱ्यात नेता येते. पोरीला कुठे नेणार?

घरी जाऊन तिने सुनेला सांगितलं, "आजपासून हिला पाणी. मान घासायची नाही."

"एकदम?" सून म्हणाली. "काय झालं?"

"सांगितलं तेवढं कर."

कारण तिने सांगितलं नाही. सुनेसमोर आपली चूक तोंडातून निघेना. मुलाला म्हणाली दुकानदाराने पोर बिघडवली, शेजारणीला म्हणाली दुकानदाराने पोर बिघडवली. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

पहिल्या दिवशी ढबीने पेला भिंतीवर मारला. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून शाळेत गेली नाही, अंथरुणावर पालथी पडून राहिली, आजीला चेटकीण म्हणाली, आईला लाथ मारली. जेवली नाही. पाणी तोंडात घेऊन सगळ्यांच्या देखत थुंकलं, थोरलीच्या पायावर.

"देऊन टाका थोडा," मुलगा म्हणाला. "बघवत नाही, आई."

"तू बाहेर जा. तुला बघवत नाही तर धुराड्याला गोवऱ्या फोड."

सून सासूकडे बघत होती आणि हे कधी मोडतंय याची वाट पाहत होती. थोरलीला तेच जास्त लागत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेट्या हलवायची तयारी चालली होती. मुलगा दोऱ्या वळत होता, सून झाकणांना जाळी ठोकत होती. थोरली पाक आणायला गोठ्याच्या पडवीत गेली. तिथे पाकाचं पिंप होतं. उघडं.

ढबी पिंपावर वाकली होती. कोपरापर्यंत दोन्ही हात आत. ओंजळीने पाक उपसून पीत होती. पाकावर मेलेल्या माश्यांचा थर होता, पंख चिकटलेले, पाय वर झालेले. तो ती बाजूला सारत नव्हती. हनुवटीवरून धार लागली होती, झगा पोटाला चिकटला होता, केसांत माश्या अडकून घोंघावत होत्या. तिने एक माशी तोंडातून थुंकली आणि पुन्हा ओंजळ भरली. घोट घेताना तिच्या घशातून आवाज येत होता. गुरं पितात तसा.

थोरलीने चर पाहिला होता, कुत्रं पाहिलं होतं, नवऱ्याचा पाय दोन वर्षं धुतला होता. पण असं कधी वाटलं नव्हतं. तिला पोरीची किळस आली, आणि लगेच आपल्याला ती आली याचीही किळस आली.

"ढबे."

पोर दचकली आणि ओरडली. ओठाला डंख बसला होता. थोरलीने तिला मागे खेचून उंबऱ्यावर बसवलं, हनुवटी धरली आणि नखाने खरवडून काटा काढला. ओठ बघता बघता सुजला. ढबी रडत होती आणि रडता रडता बोटं चाटत होती. थोरलीने तो हात धरला. तो चिकट हात तिच्या हाताला चिकटला आणि तिने सोडला नाही.

आवाजाने सून धावत आली. पिंप पाहिलं, पोरीला पाहिलं.

"हे पण? मेलेल्या माश्यांसकट? कुठून शिकली ही असलं?"

मुलगाही मागे येऊन उभा राहिला होता. थोरलीने दोघांकडे पाहिलं. दुकानदाराचं नाव अगदी ओठावर होतं.

"माझ्याकडून," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं तेव्हापासून मी हिच्या तोंडात मधाचं बोट देत आले. रडली की मध, पडली की मध, तहान लागली की मध. दुकानदाराला पोर आयती मिळाली. तिच्या आजोबालाही मीच पाजलं. तू बोललीस तेव्हा मी तुझ्यावरच भुंकले."

सून आत गेली नाही. तिने पदराने पोरीच्या केसांतल्या माश्या एकेक करून काढायला घेतल्या.

"पाणी आण," थोरली मुलाला म्हणाली. "आणि ते पिंप माळ्यावर चढवा. झाकण बांधून."

मुलाने पेला आणून दिला. ढबीने सुजल्या ओठांनी नाही म्हटलं. थोरलीने आधी पाण्याने तिचं तोंड धुतलं, हात धुतले, बोटांच्या बेचक्या धुतल्या. मग पेला ओठाशी धरला. गार पाणी डंखाला लागलं तसा पोरीने एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"याला चव नाही."

"नाही," थोरली म्हणाली.

"मग कशाला प्यायचं?"

"तहान लागलीय म्हणून."

ढबीने बराच वेळ पेल्यात पाहिलं. अजून एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. थोरली हललीच नाही. उन्हं अंगणातून भिंतीवर चढली, मुलगा पेट्या बांधायला परत गेला, मनगटातली कळ कोपरापर्यंत आली. ती पेला तसाच, पोरीच्या तोंडाशी धरून बसून राहिली.